शेवटाकडून सुरुवातीकडे : जर्मनीत आधुनिक रशियन पियानो कॉन्चेर्टोची तयारी

जर्मनीतील संगीत महाविद्यालयांत पियानोचे उच्च शिक्षण घेणारे मराठी विद्यार्थी विसाव्या शतकातील एखादा रशियन पियानो कॉन्चेर्टो, म्हणजे एक प्रमुख वादक आणि वाद्यवृंद यांच्यासाठी रचलेली कृती, हाती घेतात तेव्हा त्यांच्यापुढे ठरावीक प्रश्न पुन्हा पुन्हा उभे राहतात. कोणती रचना निवडावी, तिची स्वरलिपी कोठून मिळवावी, तिची छायाप्रत काढता येते का, भाड्याच्या घरात रोज किती वेळ रियाज करता येतो, आणि एकाच रचनेत चर्चमधले पठण, वॉल्ट्झ, जॅझ आणि कर्कश स्वरपुंज एकत्र आले तर त्यांचा अर्थ कसा लावावा, असे ते प्रश्न आहेत. प्रस्तुत लेखात त्यांची उत्तरे आल्फ्रेड श्निट्के यांच्या 'पियानो आणि तंतुवाद्यांसाठी कॉन्चेर्टो' या १९७९ मधील रचनेच्या आधारे दिली आहेत, कारण या रचनेचा जर्मनीशी असलेला संबंध प्रत्यक्ष आहे आणि तिच्या तयारीत येणाऱ्या अडचणी या प्रकारच्या बहुतेक रचनांना लागू पडतात. लेखाचा मुख्य आग्रह एकच आहे: या कॉन्चेर्टोची तयारी शेवटापासून सुरू करून मागे मागे यावे.

रचना निवडताना काय पाहावे

वादकाच्या बोटांची ताकद हा निवडीचा पहिला निकष नाही. उपलब्ध वाद्यवृंद हा आहे. पूर्ण सिंफनी वाद्यवृंद विद्यार्थ्याला क्वचितच मिळतो, परंतु महाविद्यालयातील सहकाऱ्यांचा किंवा गावातील हौशी वादकांचा तंतुवाद्यवृंद जमवता येतो. त्या दृष्टीने पुढील पर्यायांचा विचार आपण करावा:

- दिमित्री शोस्ताकोविच, पहिला कॉन्चेर्टो, ओपस ३५ (१९३३): पियानो, एक ट्रंपेट आणि तंतुवाद्ये. ट्रंपेटवादक पक्का असल्याशिवाय ही रचना घेऊ नये, कारण त्याची भूमिका जवळजवळ दुसऱ्या नायकाची आहे.
- गालिना उस्त्वोल्स्काया, पियानो, तंतुवाद्ये आणि टिंपनी यांच्यासाठी कॉन्चेर्टो (१९४६): एकाच खंडाची, तुलनेने छोटी आणि अतिशय कठोर बांधणीची रचना, अलंकरणाची हौस असलेल्या वादकाला ती मानवत नाही.
- सोफिया गुबायदुलिना, 'इंट्रोइटुस' (१९७८): पियानो आणि छोटा वाद्यवृंद. १९९२ पासून हॅम्बुर्गजवळच्या आपेन या गावी राहिलेल्या या रचनाकर्तीची ही कृती ज्याला मौन सांभाळता येते त्यानेच निवडावी.
- आल्फ्रेड श्निट्के (१९७९): केवळ तंतुवाद्ये, सलग एकच खंड, सुमारे २३ ते २५ मिनिटे.
- सर्गेई प्रोकोफिएव, दुसरा किंवा तिसरा कॉन्चेर्टो: पूर्ण वाद्यवृंद लागतो, मात्र स्वामित्वहक्काच्या दृष्टीने या रचना आता जर्मनीत मोकळ्या झाल्या आहेत, याचा तपशील पुढे येईल.

दोन रचनांमध्ये मन अडकले असेल, तर प्रत्येकीची शेवटची तीन मिनिटे वाजवून पाहावीत. ज्या रचनेचा शेवट वादकाला समजतो, असे त्याच्या शिक्षकाला ऐकताना वाटते, ती रचना निवडावी. सुरुवातीचा मोह फसवा असतो.

श्निट्केंची ओळख, निर्णयापुरती

श्निट्के यांचा जन्म २४ नोव्हेंबर १९३४ रोजी व्होल्गाकाठच्या एंगेल्स या शहरात झाला. त्यांचे वडील फ्रँकफुर्टमध्ये जन्मलेले ज्यू होते आणि आई व्होल्गाकाठच्या जर्मन समाजातील होती. १९४६ ते १९४८ या काळात त्यांचे कुटुंब व्हिएन्नात राहिले आणि तेथेच त्यांच्या संगीतशिक्षणाला सुरुवात झाली. पुढे मॉस्कोत त्यांनी साठाहून अधिक चित्रपटांना संगीत दिले आणि त्या कामातून निरनिराळ्या काळांच्या शैली शेजारी शेजारी ठेवण्याची त्यांची पद्धत पक्व झाली. या पद्धतीला ते 'बहुशैलीवाद' म्हणत. १९९० मध्ये ते हॅम्बुर्गला स्थायिक झाले, तेथील संगीत महाविद्यालयात त्यांनी रचनाशास्त्र शिकवले आणि ३ ऑगस्ट १९९८ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले.

हा कॉन्चेर्टो व्लादिमिर क्राइनेव यांच्यासाठी लिहिला गेला आणि त्यांनीच तो लेनिनग्राडमध्ये प्रथम वाजवला. १९७० च्या चायकोव्हस्की स्पर्धेचे सहविजेते असलेले क्राइनेव १९९२ पासून हॅनोव्हरच्या संगीत महाविद्यालयात प्राध्यापक होते आणि २०११ मध्ये त्याच शहरात त्यांचे निधन झाले. म्हणजे ही रचना ज्याने लिहिली आणि ज्याच्यासाठी लिहिली, त्या दोघांनीही आयुष्याच्या उत्तरकाळात जर्मनीत अध्यापन केले. त्यांच्या विद्यार्थ्यांपैकी अनेक जण आज स्वतः शिकवत असल्यामुळे, या रचनेविषयी जाणकार शिक्षकाचा शोध आपण हॅनोव्हर आणि हॅम्बुर्गपासून सुरू करावा.

स्वरलिपी मिळवणे आणि त्यातील धोके

श्निट्केंच्या कृतींचे जर्मनीतील प्रकाशन हॅम्बुर्गच्या सिकोर्स्की या संस्थेकडे आहे, आणि ही संस्था २०१९ पासून बूसी अँड हॉक्सच्या मालक कंपनीच्या समूहात आहे. आधुनिक कॉन्चेर्टोचे मुद्रित साहित्य साधारणपणे दोन स्वरूपांत मिळते, आणि त्यांतला फरक न कळल्यामुळे बरेच आठवडे वाया जातात:

- 'क्लाव्हियरआउसत्सुग': वाद्यवृंदाचा भाग दुसऱ्या पियानोवर वाजवता येईल असा आटोपशीर मांडलेली प्रत. रोजच्या अभ्यासासाठी हीच लागते.
- 'लाइमाटेरियाल': वादकांचे सुटे भाग आणि संचालकाची संपूर्ण स्वरलिपी. हे साहित्य सहसा विकत मिळत नाही. ठरलेल्या तारखांसाठी आणि ठरलेल्या प्रयोगांसाठी ते भाड्याने घ्यावे लागते.

भाड्याची मागणी कार्यक्रमाच्या किमान तीन महिने आधी नोंदवावी, तालमींच्या आणि प्रयोगांच्या सर्व तारखा करारात असल्याची खात्री करावी, खुणा फक्त मऊ पेन्सिलीने कराव्यात आणि परत करण्यापूर्वी त्या पुसाव्यात. उशिराने परत केलेल्या साहित्याबद्दल अधिक आकार पडू शकतो. भाडे आणि सादरीकरणाचे परवानाशुल्क या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, हेही लक्षात ठेवावे.

छायाप्रतीविषयी जर्मन कायदा भारतीय विद्यार्थ्याच्या सवयीपेक्षा बराच कडक आहे. जर्मन स्वामित्वहक्क कायद्याच्या कलम ५३ नुसार मुद्रित स्वरलिपीची प्रत, ती हाताने उतरवून घेतलेली नसेल तर, हक्कधारकाच्या संमतीशिवाय काढता येत नाही; खाजगी वापरासाठी पुस्तकातली पाने झेरॉक्स करण्याची जी मुभा इतरत्र असते ती स्वरलिपीला लागू नाही, आणि किमान दोन वर्षे बाजारात उपलब्ध नसलेल्या कृतींसारखे मोजकेच अपवाद आहेत. आज बरेच वादक टॅब्लेटवरून वाजवतात, परंतु विकत घेतलेले पुस्तक स्कॅन करून टॅब्लेटवर ठेवणे हीसुद्धा प्रतच असल्यामुळे, प्रकाशकाला आधी पत्र लिहून परवानगी मागावी. जुन्या पद्धतीने हाताने उतरवून घेणे मात्र कायदेशीर आहे, आणि अवघड जागा पाठ करण्याचा तो चांगला उपायही आहे.

सहा महिन्यांचा आराखडा

१. पहिले दोन आठवडे, वाचन: वाद्याला हात न लावता संपूर्ण स्वरलिपी वाचावी. फक्त पियानो, फक्त तंतुवाद्ये आणि दोन्ही एकत्र अशा जागा तीन रंगांनी वेगळ्या कराव्यात. लयनिर्देश जेथे जेथे बदलतो तेथे उभी रेघ मारावी. रचना सलग असली तरी ती अनेक खंडांतून पुढे सरकते, हे त्या रेघांवरून दिसते.

२. तिसरा आणि चौथा आठवडा, कोडा: कोडा म्हणजे रचनेच्या शेवटी जोडलेला समारोपाचा भाग. श्निट्केंनी या कोड्याचे वर्णन आधी घडून गेलेल्या साऱ्याची स्वप्नवत, मंद आठवण असे केले आहे आणि अगदी शेवटी एक नवी अनिश्चितता उरते, असेही म्हटले आहे. हा भाग प्रथम पाठ करावा.

३. दुसरा आणि तिसरा महिना, उलट क्रमाने खंड: कोड्यातील प्रत्येक आठवण मूळ कोठे येते ते शोधून त्या खंडावर काम करावे आणि असे करत आरंभापर्यंत यावे.

४. चौथा महिना, दुसरा पियानो: जर्मन महाविद्यालयांत 'कोरेपेटिटर', म्हणजे साथीचा पियानोवादक, उपलब्ध असतो, आठवड्यातून दोन वेळा त्याच्यासोबत सलग वाजवावे.

५. पाचवा महिना, सलगता: रचना रोज एकदा न थांबता वाजवावी आणि ध्वनिमुद्रण करून दुसऱ्या दिवशी ऐकावे, त्याच दिवशी नव्हे.

६. सहावा महिना, तालमी: या महिन्यात बोटांची नवी ठेवण, नवे पेडल किंवा नवी लय स्वीकारू नये.

उलट क्रमाची दोन कारणे आहेत. पहिले कारण अर्थाचे आहे: शेवटी काय आठवायचे आहे हे ज्याला ठाऊक असते, तोच सुरुवातीची साधी वाक्ये आठवणीत राहतील अशी वाजवतो. दुसरे कारण शरीराचे आहे: रचनेतील सर्वांत दाट आणि थकवणारा भाग उत्तरार्धात येतो, आणि आरंभापासून शिकणाऱ्या वादकाच्या वाट्याला तो भाग नेहमी सर्वांत कमी तयारीचा राहतो.

अर्थ कसा लावावा : सहा निर्णयाच्या जागा

आरंभ. रचना एकट्या पियानोने, मंद गतीने सुरू होते आणि मेजर व मायनर या दोन स्वरभावांत ठाम निर्णय न घेता साध्या त्रिस्वरांभोवती, म्हणजे एकाआड एक अशा तीन स्वरांच्या समूहांभोवती, वावरते. येथे भाव दाखवण्याचा मोह प्रबळ असतो, कारण बोटांना करण्यासारखे फार थोडे असते. वादकाने प्रत्येक स्वर समान वजनाने वाजवावा, लय ओढू नये, आणि दुःखाचा निर्णय श्रोत्यावर सोडावा.

पठणाचा सूर. रशियन ऑर्थोडॉक्स चर्चमधील पठणाची आठवण करून देणाऱ्या जागा या रचनेत आहेत. अशा पठणात वाद्ये नसतात, फक्त मानवी आवाज असतो, आणि वाक्याचा शेवट श्वासाने होतो. म्हणून ही वाक्ये आधी गुणगुणून श्वासाच्या जागा ठरवाव्यात आणि मग त्याच जागी हात उचलावा. तंतुवाद्यांना हेच सांगता येईल अशा शब्दांत ते लिहूनही ठेवावे.

घंटांचे स्वरसमूह. जड, रुंद स्वरसमूहांमधून चर्चच्या घंटा ऐकू येतात. घंटेचा आवाज ठोक्यापेक्षा ठोक्यानंतर अधिक जगतो. म्हणून किल्लीवर आघात करण्याऐवजी खांद्यापासून वजन सोडावे आणि पेडल पुढच्या ठोक्याच्या क्षणी नव्हे, तर तो ऐकू आल्यानंतर बदलावे.

वॉल्ट्झ. 'टेम्पो दी व्हाल्से', म्हणजे वॉल्ट्झच्या गतीत, असा निर्देश असलेल्या खंडात बहुतेक विद्यार्थी थट्टेचा स्वर लावतात, आणि तेथेच रचना हातातून निसटते. श्निट्केंसाठी व्हिएन्ना हे बालपणीचे शहर होते, त्यामुळे त्यांचा वॉल्ट्झ ही उसनी घेतलेली नक्कल नव्हती. रागसंगीत ऐकणाऱ्या मराठी वाचकाला येथे तिरोभाव ही संकल्पना उपयोगी पडेल: चालू राग क्षणभर झाकून दुसऱ्या रागाची सावली आणताना गायक त्या दुसऱ्या रागाची स्वरवाक्ये संपूर्ण निष्ठेने घेतो, कारण ती खोटी वाटली तर मूळ राग झाकलाच जात नाही. श्निट्केंच्या वॉल्ट्झलाही तीच निष्ठा हवी. फरक एवढाच, की रागात तिरोभावानंतर आविर्भाव, म्हणजे मूळ रागाचे पुन्हा प्रकट होणे, निश्चित असते. या कॉन्चेर्टोत ते निश्चित नाही, आणि ऐकणाऱ्याला लागणारी चुटपूट त्या अनिश्चिततेतून येते. पूर्वतयारी म्हणून श्निट्केंच्या १९७६ मध्ये पूर्ण झालेल्या, आईच्या स्मृतीला अर्पण केलेल्या पियानो पंचकाचा दुसरा भाग ऐकावा. तेथील वॉल्ट्झ विनोदी वाटणे शक्यच नाही.

जॅझची चाल. एका जागी डबल बास तार छेडत चालतो आणि जॅझची लय उमटते. शास्त्रीय पियानोवादकाची पहिली चूक म्हणजे येथे स्वर झुलवणे. स्वरलिपीत लिहिलेले काळमान अचूक ठेवावे. झोक बासकडून येतो आणि पियानोने त्यावर उभे राहायचे असते. तालमीत ही जागा आधी केवळ बासवादकासोबत बसवावी.

उत्कर्षबिंदू आणि कोडा. सर्वांत मोठ्या आवाजाच्या जागी शेजारशेजारचे अनेक स्वर एकाच वेळी दाबलेले स्वरपुंज येतात. ते तळव्याने, मनगट सैल ठेवून, वरून न आपटता दाबावेत. सरावात त्यांना एका बैठकीत दहा मिनिटांहून अधिक वेळ देऊ नये आणि दुखू लागल्यास त्या दिवशी थांबावे. त्यानंतर येणाऱ्या कोड्यात वॉल्ट्झ असो वा पठण, प्रत्येक आठवण मूळ जागेपेक्षा कमी वजनाने परंतु त्याच उच्चाराने वाजवावी, म्हणजे श्रोता ती ओळखतो. शेवटी लय मंदावून निष्कर्ष सुचवू नये. रचनाकाराने अनिश्चितता ठेवली आहे, ती वादकाने मिटवण्याचे कारण नाही.

ध्वनिमुद्रणे ऐकावीत का

ऐकावीत, पण तिसऱ्या महिन्यानंतर. प्रथम क्राइनेव यांचे वादन ऐकावे, कारण रचना त्यांच्या हातांचा विचार करून लिहिलेली आहे. त्यानंतर व्हिक्तोरिया पोस्तनिकोव्हा किंवा एव्हा कुपिएच यांच्यासारख्या निराळ्या वादनाशी तुलना करावी. तुलना करताना 'कोणते चांगले' असे न विचारता, वरील सहा जागांपैकी प्रत्येक जागी त्या वादकाने कोणता निर्णय घेतला एवढेच लिहून ठेवावे.

वाद्यवृंदासोबतच्या तालमी

तालमींची भाषा जर्मन असते आणि एकच अक्षर चुकीचे समजले तर वेळ वाया जातो. पुढील शब्द आधीच अंगवळणी पाडावेत:

- 'हा' आणि 'बे': इंग्रजी पद्धतीत ज्या स्वराला 'बी' म्हणतात त्याला जर्मनीत 'हा' म्हणतात, आणि 'बी फ्लॅट'ला 'बे'. 'एस' म्हणजे 'ई फ्लॅट' आणि 'फिस' म्हणजे 'एफ शार्प'.
- 'डूर' आणि 'मोल': अनुक्रमे मेजर आणि मायनर.
- 'टाक्ट' आणि 'आउफटाक्ट': मात्रांचा एक खंड, आणि खंडाच्या आधी येणारी उठावाची मात्रा.
- 'गेनेरालप्रोबे': कार्यक्रमापूर्वीची संपूर्ण रंगीत तालीम.
- 'आनश्पीलप्रोबे': कार्यक्रमाच्या दिवशी सभागृहाचा आवाज अजमावण्यासाठीची थोडक्यातली तालीम.

स्वरमेळाचा प्रश्न तालमीपूर्वी सोडवावा. जर्मनीतील अनेक वाद्यवृंद मूळ 'आ' स्वर ४४० ऐवजी ४४३ हर्ट्झच्या आसपास लावतात. पियानो ४४० वर लावलेला राहिला तर तंतुवाद्ये सतत वर सरकतात आणि मंद खंडांत तो विसंवाद लपत नाही. पियानो लावणाऱ्या तंत्रज्ञाला वाद्यवृंदाचा आकडा किमान आठवडाभर आधी लेखी कळवावा. तालमीच्या वेळेची मागणी करतानाही नेमकेपणा ठेवावा: या रचनेत तंतुवाद्यांचे गट अनेक स्वतंत्र भागांत विभागले जातात, म्हणून त्यांना पियानोविना एक स्वतंत्र तालीम द्यावी, अशी विनंती संचालकाला करणे पूर्णपणे योग्य आहे.

समोर स्वरलिपी ठेवून वाजवण्यात कमीपणा मानू नये. आधुनिक कॉन्चेर्टोच्या बाबतीत ही प्रथा सर्वमान्य आहे. मात्र स्पर्धेच्या किंवा परीक्षेच्या नियमांत पाठांतराची अट आहे का, हे नाव नोंदवण्यापूर्वी तपासावे.

घरातील रियाज : आपला हक्क आणि त्याची मर्यादा

शेजाऱ्याची एक चिठ्ठी आली की बरेच विद्यार्थी घरी वाजवणेच बंद करतात. त्याची गरज नाही. जर्मनीच्या संघीय सर्वोच्च न्यायालयाने २६ ऑक्टोबर २०१८ रोजी, आउग्सबुर्गमधील एका ट्रंपेटवादकाच्या प्रकरणात, घरात वाद्य वाजवणे हा राहणीचा सामान्य भाग असून तो पूर्णपणे बंद पाडता येत नाही, अशी भूमिका घेतली आणि ढोबळ मार्गदर्शक म्हणून पुढील वेळा सांगितल्या:

- कामाच्या दिवशी दोन ते तीन तास;
- रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी एक ते दोन तास;
- दुपारच्या आणि रात्रीच्या विश्रांतीच्या नेहमीच्या वेळा पाळून.

हे आकडे सर्वत्र जसेच्या तसे लागू होणारे नियम नाहीत. इमारतीची रचना, आवाजाची तीव्रता आणि भाडेकरारातील अटी यांनुसार निर्णय बदलू शकतो. म्हणून घर घेतानाच करारातील वाद्यवादनाचे कलम वाचावे, शेजाऱ्यांना रियाजाच्या वेळा स्वतःहून लेखी कळवाव्यात आणि स्वरपुंजांचा सराव महाविद्यालयाच्या खोलीत ठेवून घरी मंद खंडांवर काम करावे. या कॉन्चेर्टोचा मंद भाग मोठा असल्यामुळे ही वाटणी सहज जमते.

स्वामित्वहक्क, मानधन आणि ध्वनिमुद्रण

जर्मनीत रचनाकाराच्या निधनानंतर ७० वर्षे, त्या कॅलेंडर वर्षाच्या अखेरपर्यंत, हक्क टिकतो. त्यामुळे १९५३ मध्ये निधन पावलेल्या प्रोकोफिएव यांच्या रचना १ जानेवारी २०२४ पासून मोकळ्या झाल्या, शोस्ताकोविच यांच्या २०४५ च्या अखेरपर्यंत, उस्त्वोल्स्काया यांच्या २०७६ च्या अखेरपर्यंत आणि श्निट्के यांच्या २०६८ च्या अखेरपर्यंत संरक्षित आहेत. भारतात ही मुदत ६० वर्षांची असल्यामुळे हीच रचना मुंबईत किंवा पुण्यात वाजवताना गणित वेगळे होते. जेथे प्रयोग होतो तेथील कायदा लागू होतो. मोकळ्या झालेल्या रचनेच्याही नव्या संशोधित आवृत्तीला जर्मनीत २५ वर्षांचे स्वतंत्र संरक्षण मिळू शकते, म्हणून प्रत कोणत्या आवृत्तीची आहे ते पाहावे.

प्रयोगापूर्वी आणि नंतर पुढील बाबी तपासाव्यात:

- सादरीकरणाचा परवाना: संरक्षित रचनेच्या जाहीर सादरीकरणासाठी 'गेमा' या संस्थेकडे कार्यक्रमापूर्वी नोंद करावी लागते. ही जबाबदारी आयोजकाची असते. विद्यार्थी स्वतः सभागृह घेऊन कार्यक्रम करतो तेव्हा आयोजक तोच ठरतो.
- ध्वनिमुद्रण: जर्मन कायद्याच्या कलम ७७ नुसार वादकाच्या संमतीशिवाय त्याचे वादन मुद्रित करून त्याच्या प्रती काढता येत नाहीत, आणि कलम ७४ नुसार वादक म्हणून नाव दिले जाण्याचा त्याला हक्क आहे. संमती देताना ती कशासाठी, किती काळ आणि कोणत्या माध्यमासाठी आहे, हे लेखी लिहून घ्यावे. रचनेचे हक्क मात्र वेगळे असल्याने, मुद्रण महाजालावर टाकण्यापूर्वी प्रकाशकाचीही परवानगी लागते का, हे विचारावे.
- वादकांचा मोबदला: प्रसिद्ध झालेली मुद्रणे आकाशवाणीवर वाजली की वादकांना मिळणारा मोबदला 'गेफाउएल' ही संस्था वाटते. तिच्याशी करार विनाशुल्क करता येतो.
- विद्यार्थी व्हिसा: युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांना मार्च २०२४ पासून वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस नोकरीची मुभा आहे. परंतु स्वतंत्र व्यावसायिक म्हणून मानधन घेऊन वाजवणे त्यात आपोआप येत नाही. त्यासाठी परदेशी नागरिक कार्यालयाची परवानगी आधी घ्यावी लागते. पहिला करार सही करण्यापूर्वी हे करावे.
- भारतातून येणारे वादक: जर्मनीत वास्तव्य नसलेल्या कलाकाराच्या मानधनातून आयोजक साधारणपणे १५ टक्के कर आणि त्यावरील अधिभार कापून भरतो, प्रत्येक प्रयोगाचे उत्पन्न २५० युरोपेक्षा अधिक नसेल तर ही कपात होत नाही. करारात मानधनाची रक्कम कपातीपूर्वीची आहे की नंतरची, हे स्पष्ट लिहून घ्यावे.

वारंवार होणाऱ्या चुका

- सुरुवातीची दहा मिनिटे चकचकीत करून उत्तरार्ध तालमीवर सोपवणे.
- ओळखीच्या शैली आल्या की त्यांना अवतरणचिन्हांत वाजवल्यासारखे दूर ठेवणे.
- मंद खंडांत शांतता भरून काढण्यासाठी पेडल दाबून धरणे. त्याने तंतुवाद्यांचा प्रवेश झाकला जातो.
- भाड्याच्या साहित्याची मागणी संचालक करेल, असे गृहीत धरणे.
- रंगीत तालमीतच संपूर्ण शक्ती खर्च करणे.

व्यासपीठावर जाण्यापूर्वीची तपासणी

कार्यक्रमाच्या दिवशी, आनश्पीलप्रोबे आटोपल्यावर, आपण फक्त कोडा हळू आवाजात एकदा वाजवावा. सहा महिन्यांपूर्वी तोच प्रथम पाठ केलेला होता. त्या वेळी त्यातील आठवणी कशाच्या आहेत हे वादकाला ठाऊक नव्हते आणि आता प्रत्येक वाक्यामागची मूळ जागा त्याच्या हातांना माहीत आहे. त्यात एखादे वाक्य अजूनही निव्वळ स्वर म्हणून वाजत असेल, तर त्याची मूळ जागा स्वरलिपीत उघडून एकदा वाचावी, बोटांनी मात्र वाजवू नये. त्यानंतर स्वरलिपी मिटावी आणि संध्याकाळी, रचनाकाराने लिहिले आहे त्या क्रमाने, एकट्या पियानोपासून आरंभ करावा.